सरकारी कामाचा नारळ: वाद कुठे घालावा आणि कुठे घालू नये

पाऊस ओसरला की कोकणात कामांचे नारळ फुटायला लागतात. साकव, जेटी, अंगणवाडी, नळपाणी योजना, आरोग्य उपकेंद्राची इमारत, प्रत्येकाच्या सुरुवातीला कुदळीला हळदकुंकू, पाच फुलं, एक नारळ. मालवण-कुडाळकडे त्याआधी गाऱ्हाणं, म्हणजे देवाला सगळ्यांसमोर घातलेलं साकडं, असतं आणि जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बहुतेक ठिकाणी हे कुणाची तक्रार न येता पार पडतं. तक्रार झालीच तर ती बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून सुरू होते: 'सरकारी जागेत नारळ फुटलाच कसा?' या प्रश्नावर भारतातल्या न्यायालयांत आजवर तक्रारदाराच्या हाती काही लागलेलं नाही. दाद मिळते ती तीन प्रश्नांवर. कुणावर सक्ती झाली का? सार्वजनिक पैसा कुठल्या खात्यातून गेला? आणि धर्म, जात किंवा वैधव्य बघून कुणाला बाजूला ठेवलं का? पुढचं सगळं या तीन प्रश्नांभोवती आहे. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक आणि तक्रारदार या सगळ्यांना ते उपयोगी पडावं.

न्यायालयं काय म्हणाली

सरकारी समारंभात नारळ फोडणं, पूजा करणं, मंत्र म्हणणं बंद करावं अशी मागणी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयापुढे गेली होती. १९९२ मध्ये ती फेटाळली गेली. गुजरात उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन २०१० मध्ये झालं, त्याविरुद्धची जनहित याचिका २०११ मध्ये फेटाळली गेली आणि वर याचिकाकर्त्याला २०,००० रुपये दंड झाला. जमिनीची क्षमा मागून काम सुखरूप पार पडो अशी इच्छा व्यक्त करणं म्हणजे एका धर्माचा प्रचार नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता. हा निकाल पटो न पटो, याचिका करण्याआधी तो वाचलाच पाहिजे. समोरचा वकील पहिल्याच दिवशी तो पुढे करणार.

२०२४ च्या मार्चमध्ये पिंपरी-चिंचवडच्या न्यायालय इमारतीच्या कार्यक्रमात सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती अभय ओक म्हणाले होते की न्यायालयांच्या कार्यक्रमांत पूजाअर्चा थांबवावी आणि संविधानाच्या प्रतीपुढे मस्तक नमवावं. तक्रारअर्जांत हे वाक्य कधीकधी 'सर्वोच्च न्यायालयाचा आदेश' म्हणून टाकलं जातं. ते भाषण होतं, आदेश नव्हता. ग्रामसभेत मत मांडताना त्याचा आधार जरूर घ्यावा. याचिकेत कायदा म्हणून घालू नये, कारण एक चुकीचा आधार सापडला की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो.

सक्तीच्या बाबतीत मात्र चित्र वेगळं आहे. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला आणि त्यावरून त्यांची वेतनश्रेणी अडवली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं की हात जोडायला भाग पाडणं हा अनुच्छेद २५ मधल्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा भंग आहे. त्याआधी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या तीन मुलांना दिलासा दिला होता. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण श्रद्धेमुळे गायची नाहीत. नकार कसा द्यावा हे या निकालातून शिकण्यासारखं आहे: उभं राहायचं, शांत राहायचं, अनादर करायचा नाही.

पैशाबद्दल अनुच्छेद २७ आहे. एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी वा देखभालीसाठी राखून ठेवलेला कर भरण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. पण हज यात्रेच्या अनुदानाविरुद्धच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये असा अर्थ लावला की कराच्या उत्पन्नाचा लक्षणीय भाग एका धर्मासाठी गेला तरच या अनुच्छेदाचा भंग होतो. म्हणजे दोनशे रुपयांची फुलं आणि नारळ घेऊन अनुच्छेद २७ वर लढता येणार नाही. त्याच दोनशे रुपयांवर लेखापरीक्षणाचा आक्षेप मात्र निघू शकतो. तो कसा, ते पुढे येतंच.

वगळण्याबद्दल ताजं उदाहरण म्हैसूरच्या दसऱ्याचं. २०२५ मध्ये कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या हस्ते उद्घाटन होण्याला आव्हान दिलं गेलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. सरकार जो कार्यक्रम करतं, त्यातला पाहुणा धर्म पाहून नाकारता येत नाही.

अमेरिकेतले दाखले इथे जोडू नयेत. तिथे नेब्रास्काच्या विधिमंडळातल्या प्रार्थनेचा खटला १९८३ मध्ये आणि ग्रीस या गावाच्या सभेतल्या प्रार्थनेचा २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, आणि दोन्ही वेळा प्रार्थना टिकली. पण त्यांच्या घटनेतलं कलम वेगळ्या घडणीचं आहे. आपल्याकडे युक्तिवाद अनुच्छेद १४, १५, २५, २७ आणि २८ वरच बांधावा लागतो.

कार्यक्रम आखतानाच वाद कसा टाळायचा

सगळ्यात उपयोगी काम इथे होतं आणि त्याला वकील लागत नाही. एका कार्यक्रमाचे दोन भाग करा. पहिला भाग वाडीचा: पूजा, नारळ, गाऱ्हाणं. दुसरा भाग ग्रामपंचायतीचा: फलक उघडणं, कामाची माहिती, भाषणं, राष्ट्रगीत. दोन्हींमध्ये किमान अर्धा तास ठेवा आणि पत्रिकेवर वेळा वेगळ्या छापा. पत्रिकेतला मजकूर साधारण असा चालतो:

'सकाळी ९.३० वाजता वाडीतील ग्रामस्थांतर्फे पूजन (उपस्थिती ऐच्छिक). सकाळी १०.३० वाजता ग्रामपंचायतीतर्फे कामाचा शुभारंभ व फलक अनावरण.'

'ऐच्छिक' या एका शब्दाने सक्तीचा मुद्दा जवळजवळ संपतो. मात्र ग्रामपंचायत अधिकाऱ्याने व्हॉट्सॲपवर 'सर्व कर्मचाऱ्यांनी ९ वाजता हजर राहावे, गैरहजर राहिल्यास कारवाई' असा निरोप टाकला, तर पत्रिकेवरच्या त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही. हजेरीचा आदेश काढायचाच असेल तर १०.३० चा काढा.

पैसे. पूजेचा खर्च वाडीच्या वर्गणीतून किंवा मुंबईकर मंडळाकडून करा आणि ती वर्गणी ग्रामपंचायतीच्या पावतीपुस्तकावर घेऊ नका. ग्रामपंचायतीने नमुना ७ ची (सर्वसाधारण) पावती फाडली की ते पैसे ग्रामनिधीचे झाले, आणि मग त्यातून झालेल्या दक्षिणेचाही हिशेब लेखापरीक्षकाला द्यावा लागतो. मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक हे दोन्ही भागांना सामाईक असतात. त्यांचा खर्च ग्रामपंचायतीने केला तर हरकत नाही, पण मासिक सभेचा ठराव आधी हवा आणि नमुना १२ च्या प्रमाणकासोबत (खर्चाच्या व्हाउचरसोबत) बिल हवं. वित्त आयोगाच्या बंधित निधीला हात लावू नका. तो पाणी आणि स्वच्छतेसाठीचा पैसा आहे.

नेहमीची गफलत अशी होते: पूजेचं साहित्य, पेढे, शाल-श्रीफळ, भटजींची दक्षिणा हे सगळं 'कार्यक्रम खर्च' म्हणून एकाच बिलात बसवलं जातं. दुकानदारही एकच बिल देतो. आक्षेप आला की त्यातली पूजेची रक्कम वेगळी दाखवता येत नाही आणि अख्खं बिल अडकतं. दुकानातूनच दोन बिलं घ्या.

ठेकेदाराने खर्च केला तर? बऱ्याच कामांत तसंच घडतं. कामाच्या अंदाजपत्रकात भूमिपूजनाची बाब नसते. त्यामुळे तो खर्च मोजमापांत कुठेतरी लपवला जाण्याचा धोका राहतो, दोन पिशव्या सिमेंट इकडची तिकडे होते. पूजेवरून सुरू झालेल्या तक्रारीतून पुढे कामाच्या दर्जाची चौकशी निघते ती या वाटेने. ठेकेदाराकडून काही न घेणं सगळ्यात सुरक्षित.

मानाचा प्रश्न कोकणात पूजेपेक्षा नाजूक असतो. गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या देवकार्याच्या परंपरागत व्यवस्थेत, बारा-पाचाचे (मानकरी घराण्यांचे) मान ठरलेले असतात. नारळ कोण ठेवणार, गाऱ्हाणं कोण घालणार, विडा आधी कुणाला. वाडीच्या भागात ते गावाने ठरवावं. ग्रामपंचायतीच्या भागात मान फक्त पदाचा. सरपंच अनुसूचित जातीच्या असल्या आणि त्यांना कुदळ मारू दिली नाही, तर तो रूढीचा विषय राहत नाही. निवडून आलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या पदाधिकाऱ्याला त्याच्या कामात अडवणं अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. सरपंच विधवा आहेत म्हणून कुंकवाचं ताट दुसऱ्या बाईंच्या हातात देणं हाही पदाचा अपमानच. कोल्हापूरच्या हेरवाडने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथाबंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने तसं परिपत्रक सगळ्या ग्रामपंचायतींसाठी काढलं. ठराव करताना त्याचा आधार घ्या.

मग 'आमची वहिवाट आहे' हे उत्तर येतं. वहिवाट सांगून भागत नाही, ती सिद्ध करावी लागते, आणि याचा सगळ्यात मोठा दाखला कोकणातलाच आहे. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला होता. अंमल झाला नाही. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह झाला, मागोमाग तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं आणि सवर्णांनी डॉ. आंबेडकरांविरुद्ध दावा लावला. अनादी काळापासूनची वहिवाट असल्याचं त्यांना सिद्ध करता आलं नाही आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातही ते हरले. सार्वजनिक मालमत्तेवर धार्मिक मक्ता सांगणाऱ्या कुणालाही हा निकाल आजही आडवा येतो.

वस्ती मिश्र असेल, म्हणजे मोहल्ला, बौद्धवाडी, ख्रिस्ती कुटुंबं, तर 'सर्वधर्म प्रार्थना' ठेवण्याची सूचना येते. ती चांगल्या मनाने येते, पण गडबड तिथेच होते. कुणाला किती मिनिटं, आधी कोण, एखादा पंथ राहून गेला का, यावरून नवे वाद उभे राहतात, आणि डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरावेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा पाळणाऱ्या किंवा देव न मानणाऱ्या माणसाचा प्रश्न तसाच राहतो. त्यापेक्षा शासकीय भागाची सुरुवात संविधानाच्या उद्देशिकेच्या वाचनाने करा. दोन मिनिटं लागतात आणि कुणाला बाहेर थांबावं लागत नाही.

रोह्याला धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते. अशा जुन्या प्रथा ग्रामपंचायतीच्या भूमिपूजनाच्या मापाने मोजू नयेत. तिथे शिपाई नेमलेलं कर्तव्य म्हणून सलामी देतो, त्याच्याकडून पूजा करून घेतली जात नाही. त्याच शिपायाला 'आता आरतीचं ताट धर' असा हुकूम दिला, तर सक्तीचा प्रश्न उभा राहतो.

निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना मात्र पूजेचा प्रश्न बाजूलाच राहतो. शुभारंभच करता येत नाही, त्यामुळे तारीख ठरवण्याआधी तहसील कार्यालयात चौकशी करा.

भाग घ्यायचा नसेल तर

कार्यक्रमाच्या दिवशी तोंडी वाद घालू नका. दोन-तीन दिवस आधी एक अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. मजकूर एवढाच पुरे:

'दि. ... रोजीच्या कार्यक्रमातील पूजाविधीत माझ्या सद्सद्विवेकानुसार मी सहभागी होऊ शकत नाही. कार्यक्रमाच्या शासकीय भागास मी उपस्थित राहीन व नेमून दिलेले काम करीन. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ नुसार ही नोंद घ्यावी.'

यात श्रद्धेबद्दल वाद नको, दुसऱ्याच्या देवाबद्दल शब्द नको, कारणांची यादी नको. 'नेमून दिलेले काम करीन' हे वाक्य गाळू नका. पुढे कारवाई झालीच तर ती 'कामात कसूर' या नावाने होते आणि तेव्हा हेच वाक्य उपयोगी पडतं. राष्ट्रगीत आणि राज्यगीत पूजेच्या गठ्ठ्यात टाकू नका. त्यांना उभं राहा. राष्ट्रगीतात अडथळा आणणं हा राष्ट्रीय प्रतीकांच्या अपमानाविरुद्धच्या १९७१ च्या कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे.

शाळेत पालकांच्या हाती आणखी एक साधन आहे. पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतही, अनुच्छेद २८(१) प्रमाणे धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत २८(३) प्रमाणे पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेत बसवता येत नाही. पाटीपूजन असो वा मिलाद, मुख्याध्यापकांना चार ओळींचं पत्र पुरतं. केंद्रीय विद्यालयांतल्या सकाळच्या प्रार्थनेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे पाठवला, त्यामुळे 'शाळेतल्या प्रार्थनेवर बंदी आहे' असं विधान अर्जात करू नका.

कागद मिळवणं

कार्यक्रम होऊन गेला असेल आणि खर्चाची शंका असेल, तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. 'पूजा का केली?' असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण कायदा अभिलेख देतो, कारणं देत नाही. मागायचं ते असं:

'दि. ... रोजी ... येथे झालेल्या शुभारंभ कार्यक्रमासंबंधी: (१) मासिक सभेच्या ठरावाची प्रत, (२) नमुना १२ मधील प्रमाणके व जोडलेली बिले, (३) नमुना ५ रोकडवहीच्या संबंधित पानांच्या प्रती, (४) निमंत्रणपत्रिकेची प्रत, (५) कर्मचाऱ्यांच्या उपस्थितीबाबत काढलेल्या आदेशाची प्रत.'

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पंचायत समितीतल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील, शुल्क २० रुपये. तिथला निर्णय तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं अपील. पाचव्या मुद्द्यावर 'असा आदेश काढलेला नाही' असं लेखी उत्तर आलं तर ते जपून ठेवा. आदेशच नव्हता, तर गैरहजेरीची नोटीस कशावर काढली, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

दाद कुठे मागायची

पैशाचा आक्षेप आधी गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी, प्रत स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालयाला. धर्मनिरपेक्षतेवर निबंध लिहू नका. ठराव नाही, बिल एकत्र आहे, निधीचं शीर्ष चुकीचं आहे, असं नेमकं लिहा. ठराव नसलेला खर्च नाकारायला लेखापरीक्षकाला संविधानाचा अर्थ लावावा लागत नाही.

नोकरीतल्या कारवाईत आपण कुणाचे कर्मचारी आहोत ते आधी पाहा. राज्य शासनाचे कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातात, आदेशापासून एक वर्षाच्या आत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना तो रस्ता नाही. त्यांनी १९६४ च्या शिस्त व अपील नियमांखाली अपील करावं आणि मग उच्च न्यायालय गाठावं. चुकीच्या दारात गेलेली दोन वर्षं परत मिळत नाहीत.

उच्च न्यायालयाचा पत्ताही आता बदलला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) जातात. रायगड, ठाणे, पालघर मुंबईकडेच आहेत. स्वतःवर कारवाई झाली असेल तर अनुच्छेद २२६ खालची साधी रिट याचिका करा. तिला नाशिकच्या निकालाचा भक्कम आधार आहे. 'यापुढे सर्वत्र पूजा बंद करा' अशी जनहित याचिका करायची असेल, तर गुजरातमधला दंड आणि न्यायालय मागू शकेल ती अनामत रक्कम हिशेबात धरा.

काय अंगाशी येतं

चालू पूजेत घोषणा देणं, ताट हिसकावणं, ध्वनिक्षेपक बंद करणं यातलं काहीही करू नका. उपासनेसाठी कायदेशीरपणे जमलेल्या लोकांत मुद्दाम व्यत्यय आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत. अधिकाऱ्याला अडवलं तर कलम २२१ लागू शकतं. मूळ मुद्दा खरा असूनही तक्रारदारच आरोपी होतो आणि गावाची सहानुभूती दुसरीकडे जाते. चित्रीकरण करायचं तर आपल्या जागेवरून, शांतपणे, आणि ते व्हॉट्सॲपवर टाकताना कुणाच्या देवाबद्दल ओळ लिहू नका. कलम २९९ (धार्मिक भावना दुखावणं) आणि १९६ (गटांत वैर पसरवणं) अशा ओळींवर लागतात.

उलट बाजूचा धोका कोकणात अधिक खरा आहे. तक्रार केली म्हणून कुटुंबाला वाळीत टाकणं, पाणवठा, दुकान, मर्तिकाला खांदा बंद करणं. रायगड-रत्नागिरीतल्या गावकीच्या (गावातल्या जात-पंचायतीसारख्या बैठकीच्या) अशाच प्रकरणांचा रेटा सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यामागे होता. 'महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६' हा तो कायदा, जुलै २०१७ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यात बैठकीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. गावकीची बैठक कधी, कुठे झाली, दंड किती ठरला, कुणाला कुणी बोलायला मनाई केली, हे त्याच रात्री तारीख घालून वहीत लिहून ठेवा. दुकानदाराने सामान नाकारलं तर दिवस, वेळ आणि तिथे हजर असलेल्या माणसाचं नाव लिहा. पोलिस ठाण्यात तक्रार देताना कायद्याचं पूर्ण नाव अर्जात घाला, नाहीतर ती 'आपसातला वाद' म्हणून अदखलपात्र नोंदीत जाते. ठाण्यात घेतली नाही तर तीच तक्रार टपालाने पोलिस अधीक्षकांना पाठवा आणि पोचपावती वहीला टाचून ठेवा.